मंदीतील सहल : वेल्ह्याच्या वाटेवरचा हिशेब

लेखमाला : मंदी आणि घरखर्च (लेखांक सातवा)

मंदीची चाहूल लागल्यावर कुटुंबे कोणत्या खर्चाला आधी कात्री लावतात, याचा विचार मागील लेखांकात झाला. किराणा, औषधे, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता यांना सहसा हात लागत नाही. नवे कपडे, मोठी खरेदी आणि सहल मात्र सर्वप्रथम मागे पडतात. यामागील तत्त्वाला अर्थशास्त्रात मागणीची उत्पन्न-लवचीकता म्हणतात. उत्पन्न एका टक्क्याने बदलले असता एखाद्या वस्तूची मागणी किती टक्क्यांनी बदलते, याचे हे माप असून, मिठासारख्या वस्तूच्या बाबतीत ते शून्याच्या आसपास राहते, तर पर्यटनाच्या बाबतीत ते सामान्यतः एकापेक्षा अधिक असते. म्हणजेच उत्पन्न वाढते तेव्हा प्रवासावरील खर्च त्याहून वेगाने वाढतो आणि उत्पन्न घटते तेव्हा त्याहून वेगाने आटतो. २००८ च्या जागतिक वित्तीय अरिष्टानंतर २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सुमारे ४ टक्क्यांनी घटली. भारतात एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत स्थूल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसले, पुढच्या तिमाहीतही घसरण चालू राहिली, आणि सलग दोन तिमाह्यांच्या घसरणीला मंदी म्हणण्याच्या रूढ संकेतानुसार देश मंदीत गेल्याचे मानले गेले.

तथापि, हात आखडला म्हणून सहल कायमची रद्द होते असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तिचे रूप पालटते. परदेशाऐवजी परराज्य, परराज्याऐवजी शेजारचा तालुका, आठवड्याऐवजी दोन दिवस, हॉटेलाऐवजी कोणाचे तरी घर, अशी पायरी-पायरीने उतरण होते. महाग वस्तूच्या जागी तिचेच काम करणारी स्वस्त वस्तू घेण्याच्या या वृत्तीला प्रतिस्थापन असे नाव आहे. मराठी कुटुंबांना ते शिकवावे लागत नाही. मे महिन्यातले मामाचे गाव, जत्रेसाठी गावी जाणे, शिदोरी बांधून निघणारी पायी वारी आणि गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी वाचकांना गोडी लावलेली गडकोटांची भटकंती, ही सारी कमी पैशांत घर सोडून बाहेर पडण्याचीच रूपे होत. प्रस्तुत लेखांकाचा प्रश्न त्यापुढचा आहे : सहल स्वस्त होते तेव्हा नेमके काय स्वस्त होते? अंतर कमी होते, सोयी कमी होतात, की दुसऱ्या कोणाच्या श्रमाचे मोल कमी केले जाते? या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुणे जिल्ह्यातील वेल्हे हा भाग विशेष उपयोगी पडतो.

जवळचा दुर्गम प्रदेश

वेल्हे तालुक्याचे नामांतर आता राजगड तालुका असे झाले असले, तरी तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे हे गाव व त्याभोवतीचा मुलूख बोलण्यात अजून वेल्हे म्हणूनच ओळखला जातो. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यापर्यंत यावे आणि तेथून पश्चिमेकडे वळावे, किंवा खडकवासल्याच्या बाजूने पाबे घाट ओलांडावा. दोन्ही वाटांनी अंतर साधारण ६० किलोमीटरच्या घरात राहते. एवढ्या अंतरात सुमारे १,४०० मीटर उंचीचा तोरणा, शिवाजी महाराजांची सुमारे पंचवीस वर्षांची राजधानी असलेला राजगड, केळदजवळचा मढे घाट आणि पानशेत-वरसगावचे जलाशय सामावलेले आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, तेव्हा स्वतःकडे राखलेल्या १२ किल्ल्यांत हे दोन्ही गड होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा नमुना म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांतही राजगड आहे. शेजारच्या भोर तालुक्यात रायरेश्वराचे पठार, रोहिडा, भाटघरचे धरण व पंत सचिवांचा राजवाडा असून, नसरापूरजवळचे बनेश्वर तर वाटेवरच लागते. गड पाहण्यासाठी लागणारी मुख्य गुंतवणूक पायांची असल्याने, पाहण्याच्या खर्चापेक्षा तेथे पोहोचण्याचा, राहण्याचा आणि जेवण्याचा खर्चच येथे निर्णायक ठरतो.

प्रवासाचा हिशेब

पहिला घटक प्रवासाचा. एसटीच्या भाड्यात जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढ झाली. तरीही सवलतींचा विचार केल्यास चित्र बरेच बदलते. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांचे तिकीटही अर्धेच असते. पती, पत्नी, सत्तर वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघांचे कुटुंब वेल्ह्याला निघाले, तर त्यांना एक पूर्ण आणि तीन अर्धी, म्हणजे एकूण अडीच तिकिटांचे पैसे पडतात. आजींचे वय पंच्याहत्तरच्या पुढे असेल, तर दोनच तिकिटांत चौघांचा प्रवास होतो. स्वतःच्या मोटारीचे इंधन मात्र बसणाऱ्याचे वय किंवा लिंग पाहून कमी होत नाही. ते केवळ माणसांच्या संख्येने विभागले जाते, म्हणून मोटार चौघांना महाग आणि सात जणांना कदाचित परवडणारी ठरते.

एसटीच्या या स्वस्ताईची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. वेल्ह्यापर्यंत गाडी मिळते, पण गुंजवणे, पाल, केळद अशा पायथ्याच्या आणि घाटमाथ्याच्या गावांकडे फेऱ्या मोजक्याच असतात आणि एक चुकली की पुढचे काही तास वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेऊन भरून जाणाऱ्या जीपच्या, भरवशावर काढावे लागतात. एका पर्यायासाठी दुसरा पर्याय सोडताना जे गमवावे लागते, त्याला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. नोकरीच्या धावपळीत दोन तास मोलाचे असतात. पण काम मंदावले आहे, जादा पाळ्या बंद झाल्या आहेत, अशा काळात तेच दोन तास स्वस्त झालेले असतात. म्हणूनच वेळखाऊ परंतु कमी भाड्याचा प्रवास मंदीत अधिक शहाणपणाचा ठरतो. या व्यवहारात जुन्या लोकांना ठाऊक असलेली एक सोय आहे, ती मुक्कामी गाडीची. संध्याकाळी गावात येऊन रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी ही गाडी मुळात शाळकरी मुले, दूधवाले आणि बाजाराला जाणारे गावकरी यांच्यासाठी असते. तिच्या वेळेशी सहल जुळवून घेतली, तर वेगळे वाहन ठरवण्याचा खर्च वाचतो.

मुक्काम आणि ताट

दुसरा घटक मुक्काम व भोजनाचा. एकेकाळी राजगडावरील पद्मावती देवीच्या मंदिरात पथारी टाकून रात्र काढणे ही भटक्यांची नेहमीची रीत होती आणि ती फुकटही होती. गडावरील मुक्कामावर पुढे पुरातत्त्व खात्याचे निर्बंध आले. शिधा रांधणे, चुलीचा धूर, उरलेला कचरा आणि टाक्यांतील पाण्याची नासाडी यांचा विचार केला, तर या निर्बंधांमागील कारण सहज कळते. त्यामुळे मुक्काम आता प्रामुख्याने पायथ्याच्या गावांत होतो. तेथे अनेक घरांतून जेवणाची व झोपण्याची सोय होते, आणि तिचा हिशेब खोलीवर न होता बहुधा माणशी किंवा ताटामागे होतो. पिठले, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, ठेचा, कांदा आणि आमटी-भात अशा या ताटातील बराचसा माल घरच्या खाचरातला, परसातला किंवा गोठ्यातला असतो. सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर करून शेतकऱ्याच्या घरी पाहुणा राहण्याच्या या प्रथेला नोंदणीकृत व्यवसायाची चौकट दिली.

मागणी ज्या दिवशी कमी, त्या दिवशी जाणे हा खर्च कमी करण्याचा तिसरा मार्ग होय. शनिवार-रविवारी पायथ्याची गावे गाड्यांनी भरून जातात, तर मंगळवारी त्याच ओसरीवर शांतता असते. पावसाळ्यात येथील डोंगर सर्वांत देखणा दिसतो हे खरे. परंतु त्याच काळात भातलावणी चालू असल्याने यजमानाचे घर शेतात गुंतलेले असते, गडांच्या वाटा निसरड्या होतात आणि धबधबे व जलाशयांच्या काठी प्रशासन वेळोवेळी मनाई आदेश काढते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक ठरते. दिवाळीनंतर भाताची कापणी-मळणी आटोपली की फेब्रुवारीपर्यंतचा काळ चढाईला आणि यजमानाला दोघांनाही सोयीचा असतो. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे, जांभळे व पावसाच्या तोंडावर झाडांवर लुकलुकणारे काजवे हे मुलांसाठी कोणत्याही तिकिटाशिवायचे आकर्षण असते.

सरबताच्या ग्लासाची किंमत

स्वस्ताईची मर्यादा कोठे येते, हे राजगडाच्या माचीवर मिळणाऱ्या लिंबू सरबताच्या ग्लासावरून चांगले समजते. शहरातून आलेल्या ग्राहकाला गडावरचे सरबत, ताक किंवा मडक्यातले दही खालच्यापेक्षा महाग वाटते आणि तो घासाघीस करू लागतो. शहरातील सरबताच्या किमतीत लिंबू-साखरेखेरीज गाळ्याचे भाडे, वीज आणि बर्फ असतो. गडावरच्या सरबतात यांपैकी फारसे काही नसते. त्याऐवजी डोक्यावर किंवा पाठीवर ओझे घेऊन केलेली सुमारे दोन तासांची चढण असते, चोर दरवाजाच्या वाटेवरील खडी पायऱ्यांची चाल असते आणि संध्याकाळी तेवढीच उतरण असते. याशिवाय जोखमीची किंमतही त्यात मिसळलेली असते. रविवारी पाऊस कोसळला आणि गर्दी फिरकली नाही, तर साखर परत नेता येते, परंतु विरजलेले दही आंबते आणि त्या दिवसाची चढण फुकट जाते. मालाची वाहतूक, नाशवंतपणा आणि अनिश्चित मागणी हे किमतीचे तीन घटक पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. येथे ते एका ग्लासात एकत्र येतात. या ग्लासावर वाचवलेले दहा रुपये कुटुंबाच्या सहलखर्चात नगण्य असतात, विकणारीच्या दिवसाच्या मिळकतीत मात्र तसे नसतात.

गळतीचा प्रश्न

पर्यटनाच्या अर्थशास्त्रात गळती ही संज्ञा वापरली जाते. पाहुण्याने खर्च केलेल्या रकमेपैकी जो भाग त्या ठिकाणी न राहता बाहेरच्या कंपन्या, दलाल व पुरवठादार यांच्याकडे निघून जातो, त्याला गळती म्हणतात. आणि जो भाग गावात राहून दूधवाल्याकडून दुकानदाराकडे, दुकानदाराकडून सुताराकडे असा फिरतो, त्याच्या वाढत्या परिणामाला गुणक परिणाम म्हणतात. पुण्याहूनच तंबू, खाद्यपदार्थांची पाकिटे आणि बाटलीबंद पाणी घेऊन येणारा गट जलाशयाकाठी रात्र काढून परततो, तेव्हा त्याची सहल कदाचित सर्वांत स्वस्त झालेली असते. गावाच्या वाट्याला मात्र केवळ रिकामी पाकिटे येतात. येथे गळती जवळपास पूर्ण असते.

वेल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला एक जुनी बाजूही आहे. पानशेत व वरसगाव या धरणांच्या पाण्याखाली येथील गावे आणि भातखाचरे गेली, आणि ते पाणी खडकवासल्यामार्गे पुणे शहराला मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराची आठवण शहराने जपली आहे. धरणाच्या वरच्या अंगाला काय बुडाले, याची आठवण तुलनेने कमी निघते. ज्या शहराच्या नळाला या खोऱ्यातील पाणी येते, त्या शहरातील कुटुंब मंदीमुळे का होईना या खोऱ्यात सुट्टीसाठी येते, तेव्हा यजमान आणि पाहुणा यांच्यातील देणे-घेणे त्या दिवसापुरते नसते.

या विवेचनावरून काटकसरीच्या सहलीचा एक नियम मांडता येतो. कपात अंतरात, वाहनात, खोलीच्या थाटात आणि गर्दीच्या दिवसांत करावी, कारण त्यातून वाचणारा पैसा बहुतांशी इंधनाचा आणि दिखाव्याचा असतो. ताट, ग्लास आणि वाटाड्या यांच्या मोबदल्यात मात्र ती करू नये, कारण मंदी पायथ्याच्या गावातही पोहोचलेली असते आणि पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या मुलाकडून घरी येणारी रक्कम त्याच काळात आटलेली असते. वर उल्लेखिलेल्या चौघांच्या कुटुंबाने एसटीने प्रवास केल्यामुळे चार पूर्ण तिकिटांच्या तुलनेत जाण्याची दीड आणि येण्याची दीड, अशी तीन पूर्ण तिकिटे वाचतात. या बचतीतून गुंजवण्यातल्या एखाद्या ओसरीवरील ताटांचा बराचसा खर्च, घासाघीस न करता, भागू शकतो.

पुढील लेखांकात मंदीच्या काळातील लग्नखर्च आणि सामुदायिक विवाह सोहळ्यांचे अर्थकारण यांचा विचार केला जाईल.