उपचार गावाजवळ आले, त्याची तीस वर्षे

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आलेल्या भूकंपात मराठवाड्यातल्या सास्तूर गावातली दगडमातीची, माळवदाची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात हजारो जीव गेले. पुढे नवी गावठाणे वसली, सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभे राहिले. मनाच्या दुखण्याची दखल मात्र फार कमी घेतली गेली. भूकंपानंतर महिनाभराने तज्ज्ञांनी वाचलेल्या 42 जणांना तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळला. त्यात आघातोत्तर तणाव आणि नैराश्य सर्वाधिक. उपचार म्हणजे तेव्हा मनोविकारतज्ज्ञ आणि गोळ्या, आणि तज्ज्ञ शहरात. तिथपासून आजवरचा प्रवास पाहिला, तर खेड्यांसाठी सर्वांत मोठा बदल नव्या औषधाने केलेला नाही. तो उपचार देणाऱ्या माणसाने केला आहे.

नवी औषधे आली हे खरेच. केटामाइनच्या कुळातल्या, नाकात फवारायच्या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. पण ते दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यावे लागते. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने वेगळी वाट धरली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक नेमले. बाई सांगते, झोप नाही, कशातच मन लागत नाही. समुपदेशक विचारतो, काय काय करायचे सोडलेत? मग शेजारणीकडे जाणे, देवळापर्यंत चालणे असे एखादे काम ठरते आणि पुढच्या आठवड्यात ते झाले का, कुठे अडले, हे दोघे मिळून पाहतात. सहा ते आठ बैठकांच्या या पद्धतीने तीन महिन्यांत 64 टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत असेच काम झाले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले.

डॉक्टर नसलेल्याच्या हाती रुग्ण सोपवणे धोक्याचे नाही का? देखरेख नसेल तर नक्कीच आहे. पण गोव्यातले रुग्ण किरकोळ उदासीचे नव्हते, तीव्र नैराश्याचे होते; आणि गुण वर्षभरानंतरही टिकला. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला मात्र तातडीने तज्ज्ञाकडे पोहोचवलेच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: दुष्काळातले कर्ज बोलण्याने कसे फिटणार? फिटणार नाही. कर्जाचे उत्तर धोरणातच शोधावे लागेल. पण खचलेल्या माणसाला बँकेच्या दारापर्यंत जाण्याचेही बळ उरत नाही. ते बळ परत देणे हा उपचारच आहे.

राज्य शासनाने 2015 मध्ये चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात सास्तूरचा जिल्हाही होता. 2022 पासून 14416 वर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मदत मिळते. पण फोन करण्याची उमेद संपलेल्याच्या उंबऱ्यापर्यंत माणूसच जावा लागतो. हे काम आशाताईंच्या डोक्यावर विनामोबदला टाकून भागणार नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित, पगारी समुपदेशक आणि त्याच्या पाठीशी तज्ज्ञ हवा. काय केल्याने गुण येतो हे आता सिद्ध झाले आहे. त्यासाठी तरतूद करणे हे सरकारचे काम आहे.