गाडी खाली करायची तर शॉकअपसकट

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यावरून राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ नंबर, जातो. इथूनच एक रस्ता गोरेगावमार्गे गोंदियाला, दुसरा नवेगावबांधकडे निघतो. महामार्गावर आखूड स्प्रिंग घालून खाली केलेली गाडी वळणात कमी झुकते, हे खरं. पण महामार्ग सोडला की गावोगावचे गतिरोधक लागतात, म्हणून आधी हिशोब करावा.

मिलिमीटरचा हिशोब

स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिमी. ४० मिमी खाली केली की उरते १२३. पाच माणसं आणि डिकीत सामान, की त्याहून कमी.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक १० सेंमी उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर, त्यामुळे त्यावर गाडीच्या पोटाखालचे जेमतेम ४४ मिमी जातात. गावात मात्र हातभर रुंदीचा, पण उंचीला तेवढ्याच १० सेंमीचा उंचवटा घातलेला असतो. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मध्ये येतो आणि १२३ मधले १०० खातो. एवढ्यात सायलेन्सर वाचला तर नशीब. म्हणून माझ्या मते इथे १५ ते २० मिमीच्या पुढे जाऊ नये.

शॉकअप का बदलायचे

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, शॉकअप तिचं उसळणं आवरतो. गाडी ३० मिमी बसली की चाकाला वर जायला तेवढी जागा कमी पडते, म्हणून लोअरिंग स्प्रिंग कडक करावी लागते. ती २० टक्के कडक असेल, तर आधीइतकाच आवर राहण्यासाठी शॉकअपचा जोर सुमारे १० टक्के वाढायला हवा. मूळ शॉकअप, त्यातही लाखभर किलोमीटर चाललेला, हे करू शकत नाही. गाडी डुलत राहते, चाकाची पकड सुटते.

लांबीही जुळायला हवी. मूळ लांबीच्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग बसवली आणि गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग बैठकीत सैल झाली, तर ती जोडी नाकारा. खड्ड्यात चाक लोंबकळलं की तेच होणार. शॉकअप बदलताना बम्प स्टॉपही (चाकाची वरची धाव अडवणारा ठोकळा) त्याच जोडीचा घ्या आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात.

स्प्रिंग कापू नका

वेढा कापला की स्प्रिंग कडक होते, पण तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर पाणी उतरून कमजोर होते आणि पुढे तुटू शकते.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून वेगळा ठरणारा फेरफार रोखतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केलं. मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरटीओ आणि विमा कंपनीकडून आधी लेखी संमती घ्या.

पैसे एकाच कामापुरते असतील, तर स्प्रिंग राहू द्या, चांगले शॉकअप टाका.