तांबडा अंधारात, पिवळा उजेडात

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खानदेशात शेतीचं नवं साल लागतं. सालदाराचा करार याच दिवसापासून मोजतात. वखराच्या पासा, कोळपी, खुरपी, कुऱ्हाडी यांची डागडुजीही याच दिवसांत निघते. आमचं दुकान नरडाण्यात, धुळे-शिरपूरच्या मधल्या आग्रा रोडला लागून आहे. पहिला पाऊस पडेपर्यंत इथं उसंत नसते. आमच्या कामाची वेळ मात्र गिऱ्हाइकापेक्षा उजेडावर ठरते. पोलादाचा तांबडा रंग अंधारात पारखायचा असतो आणि पिवळा उजेडात, म्हणून दिवसही तसाच लावून घ्यावा लागतो.

पहाटे साडेचार

आदल्या संध्याकाळी घडवून ठेवलेल्या पासा, विळे आणि कुऱ्हाडी ओळीनं मांडून ठेवलेल्या असतात. आधी भट्टीच्या तळाची कीट काढायची. तिच्यामुळे वारा एका बाजूनं अडतो आणि विस्तव एकीकडे भडकतो, दुसरीकडे विझतो. साधी भट्टी वीतभर जागाच नीट तापवते आणि वखराची पास तर हात-दीड हात लांब. अशा भट्टीत पासेचा मधला भाग पांढरट पिवळा होतो, तरी टोकं काळीच राहतात. म्हणून लांब मालासाठी आम्ही विस्तवाखाली भोकं पाडलेला पाइप घातला आहे. वारा सगळ्या लांबीत सारखा फुटतो, कोळसा सारखा पेटतो. तरीही पास पुढं-मागं सरकवत, उलटीपालटी करत राहावंच लागतं.

पहाटे पाच

आता पाणी पाजण्याचं, म्हणजे लाल पोलाद झटकन गार करून कडक करण्याचं काम. दुकानातला दिवा मालवायचा. ट्यूबलाइटखाली लोखंड जितकं तापलेलं दिसतं, त्याहून खरं तर जास्त तापलेलं असतं. उन्हात तर हा घोटाळा फारच वाढतो. अंधारात पिकलेल्या डाळिंबासारखा तांबडा रंग टोकापासून टोकापर्यंत एकसारखा दिसला की पोलाद तयार झालं.

डोळ्याच्या जोडीला चुंबक असतो. जुन्या स्पीकरमधला चुंबक तारेला बांधून टांगून ठेवला आहे. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसला तापलं की चुंबकाला चिकटत नाही. पिएर क्युरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये याचा नीट अभ्यास केला, म्हणून त्या तापमानाला त्याचं नाव आहे. चुंबक पासेच्या एका टोकाला लावायचा, मग मध्ये, मग दुसऱ्या टोकाला. एका ठिकाणीही ओढ लागली तरी पास परत विस्तवात जाते. तिन्ही ठिकाणी ओढ गेली की आणखी थोडं तापवायचं आणि काढायचं.

आमचा बहुतेक माल ट्रकच्या पाट्यांचा. महामार्गावर बदललेले पाटे मिळतात आणि ते पोलाद चांगलं असतं. त्याला पाण्यात बुडवलं तर तडा जाऊ शकतो, म्हणून तेल वापरतो. सरकीचं तेल, तेही हात लावला तर चटका बसेल इतकं गरम केलेलं. थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता नीट ओढून नेत नाही. पास धारेकडून सरळ खाली सोडायची. आडवी टाकली तर एक बाजू आधी गार होते आणि पास धनुष्य होऊन बाहेर येते.

साध्या कार्बन पोलादाचे विळे पाण्यातच पाजतो. त्यासाठीही पहाट बरी. मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो. दुपारी हौदातलं पाणी इतकं तापतं, की लाल लोखंडाभोवती लगेच वाफेचं पांघरूण धरतं आणि ते सारखं गार होत नाही.

सकाळी सात

पाणी पाजलेल्या धारेवर कानस फिरवली तर ती घसरते, चावत नाही. नवशिक्याला वाटतं, झालं काम. पण हा कडकपणा काचेचा आहे. या अवस्थेतल्या पोलादाच्या आतल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेनसाइट म्हणतात. ती विलक्षण कठीण असते आणि तितकीच ताणलेली. अशी धार ढेकळाआडच्या दगडावर आपटली की तुकडे. कधी कधी तर माल नुसता ठेवला तरी तासाभरानं टण्‌ असा आवाज येतो आणि चीर पडलेली दिसते. म्हणून पाजलेला माल न्याहारीसाठीही थांबवायचा नाही. तो पुन्हा मंद तापवून थोडा कडकपणा उतरवायचा, म्हणजे टेंपर करायचा. अवजाराचं आयुष्य इथं ठरतं.

आता उजेड पाहिजे, पण ऊन नको. दुकानाच्या उत्तरेच्या दारात सावलीतला स्वच्छ उजेड पडतो, तिथं बसायचं. विळ्याचं पातं दगडानं घासून चकचकीत करायचं. मग जाड लोखंडी ठोकळा भट्टीत लाल करून बाहेर घ्यायचा आणि विळ्याची पाठ त्याच्यावर टेकवायची. धार वरच्या बाजूला, हवेत. उष्णता पाठीकडून धारेकडे चढू लागते आणि चकचकीत पोलादावर रंग उमटतात. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २४० ला गर्द पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. त्यापुढं फिकट निळा आणि शेवटी राखाडी. रंगांची ही रांग सरकताना डोळ्यांना दिसते. विळ्याच्या धारेला गर्द पिवळा पोचला की उचलायचा आणि पाण्यात घालायचा. तोवर पाठ निळी झालेली असते. पाठ निळी म्हणजे लवचीक, धार पिवळी म्हणजे कडक. कुऱ्हाडीला लाकडाचे घाव सोसायचे असतात, तिच्या धारेला जांभळ्यापर्यंत येऊ देतो.

विळा थेट ज्वाळेवर धरला तर काय होतं? पातळ धार आधी तापते, जाड पाठ मागं राहते. नेमका जो भाग कडक ठेवायचा तो मऊ होतो आणि जो मऊ करायचा तो ठिसूळ राहतो. भाकरी मोठ्या जाळावर टाकली की वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसंच हे. जाड भाग आधी तापवायचा, पातळ भागाला उष्णता आतून पोचू द्यायची, हा सगळ्या टेंपरचा पहिला नियम.

सकाळी साडेआठ

लांब पासांना ठोकळा पुरत नाही. त्यांच्यासाठी विटांची पेटी बांधली आहे. खाली हीटरची कॉइल, वर जाळी, मागून लांब दांडीचा पंखा. पेटीतही तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लाल कॉइल समोरच्या बाजूला सरळ भाजते, म्हणून कॉइल आणि माल यांच्यामध्ये पत्रा आडवा घालायचा. पासा एकमेकींना चिकटून रचल्या तर मधल्या पासेला वारा लागत नाही, म्हणून दोन बोटं अंतर ठेवायचं. आणि तापमान मोजायची थर्मोकपलची तार हवेत लोंबकळत ठेवायची नाही, सगळ्यात जाड पासेला टेकवायची. पेटीतली हवा ३०० दाखवत असते तेव्हा आतलं लोखंड कितीतरी मागं असतं. घड्याळ लावायचं ते लोखंडानं ३०० गाठल्यावर. एक इंच जाडीला तासभर, हा ठोकताळा. पाट्याची जाडी अर्ध्या इंचाच्या आतबाहेर असते, तरी मी तासाच्या खाली येत नाही. पातळ खुरपी आणि जाड पासा एका घाण्यात कधी घालत नाही.

वीज गेली तर कढई. तापीची वाळू चाळून, कोरडी करून मोठ्या लोखंडी कढईत मंद कोळशावर ठेवायची. वाळूत माल चारी बाजूंनी वेढला जातो, ज्वाळा कुठूनच लागत नाही. पण वाळू स्वतः उष्णता फार सावकाश पसरवते. तळ तापतो आणि वरचा थर गारच राहतो. म्हणून उलथन्यानं ती सतत वर-खाली करावी लागते. हे काम माझी बायको माझ्यापेक्षा चांगलं करते. आमच्या लोकांत घण बाईच्या हातात असतो आणि विस्तवाची पारखही.

सकाळी दहा

गिऱ्हाइकांची वेळ. आज पहिली आली ती घासाच्या कापणीवर जाणारी मजूर बाई. हातात टोक उडालेला विळा.

“मिस्तरी, मना इळा दगडले लागना अन् तुटी गया.”

“आण ताई, बघू दे.”

तुटका भाग उजेडात धरला. अर्ध्या भागात दाणा बारीक, राखाडी, मखमली. टोकाकडे तोच दाणा जाड आणि चमकणारा, खडीसाखरेगत. म्हणजे पाजताना टोक फाजील तापलं होतं. टोक निमुळतं असतं, विस्तवात सगळ्यात आधी तेच लाल होतं. ते अधूनमधून बाहेर काढलं नाही तर दाणा वाढतो आणि मग टेंपर कितीही नीट केला तरी ते ठिसूळच राहतं.

थोड्या वेळानं एक शेतकरी वखराची पास घेऊन आला. ती मोडली नव्हती, मध्यभागी वाकली होती. कानस लावली तर टोकांना घसरली आणि मध्ये लोण्यात शिरावी तशी शिरली. मधला भाग टेंपरच्या वेळी निळ्याच्याही पुढं जाऊन राखाडी झालेला. विळ्याचं टोक उडालं, पासेचं पोट वाकलं. कारण दोन्हीकडे एकच, उष्णता सारखी लागली नव्हती.

रोटाव्हेटरची पातीही येतात. त्यांच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६६९०. रॉकवेल मोजमापात धारेकडच्या भागाचा कडकपणा ५६ च्या आसपास आणि बोल्ट बसतो त्या दांड्याचा ३७ ते ४५ असावा, असं ते सांगतं. एकाच पात्यात दोन स्वभाव जाणून ठेवलेले असतात. तुटलेलं पातं वेल्डिंग करून द्या, असं लोक म्हणतात. वेल्डिंगच्या रेघेलगत लोखंड कुठं काचेसारखं होतं, कुठं मऊ पडतं, आणि पातं तिथंच पुन्हा तुटतं. सुटलेला तुकडा फिरत्या यंत्रातून कुठंही उडू शकतो. म्हणून ते काम मी घेत नाही, नवीन पातं बसवा म्हणतो.

दुपारी बारा ते चार

भट्टी बंद. या उन्हात भट्टीपुढं उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. जेवण, ताक, लवंडणं.

दुपारी चार ते सात

उद्याचा माल घडवायचा. पाटा कापायचा, लाल करायचा, घणाखाली धार ओढायची. घडवताना तांबडा उतरून काळसर झाला की घण थांबवायचा. तसं लोखंड ठोकलं तर आत सूक्ष्म चिरा पडतात आणि त्या उद्या पहाटे तेलात उघड्या होतात. घडवून झालं की प्रत्येक नग एकदा सारखा लाल करून शांत हवेत लटकवायचा. घणानं वेडावाकडा ताणलेला दाणा त्यानं जागेवर येतो. पंख्यासमोर नाही, ओल्या जमिनीवर नाही.

रात्री आठ

उद्या पाजायचा माल जाडीप्रमाणे वेगळा लावला. तेल गाळलं. कोळसा झाकला.

झोपण्यापूर्वी शेतकरी भावांना आणि मायबहिणींना एवढंच सांगणं आहे. आम्ही तास तास खपून सारखा दिलेला टेंपर घरी दोन मिनिटांत उतरतो. ग्राइंडरवर धार लावताना पातं बोटाला सोसवेल इतपतच तापू द्या, सारखं पाण्यात बुडवत राहा. धारेवर निळा डाग उठला, की तेवढा भाग कामातून गेला असं समजा. आणि कुऱ्हाडीचा मोडलेला दांडा काढायला ती चुलीत घालू नका. लाकूड जळून निघतं खरं, पण त्याबरोबर धारेचं पाणीही जातं. कुऱ्हाड आमच्याकडे घेऊन या. गज लावून दांडा ठोकून काढायला पाच मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही.