उणे 330 ची चाल

लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात माणूस ओळखायला तोंड बघावं लागत नाही. लांबून चाल दिसली, पायताण घासल्याचा आवाज आला, की कोण येतंय ते कळतं. नाव विचारायची पाळीच येत नाही. आपला ब्राउझरही असाच चालीवरून ओळखू येतो हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी हातातल्या फोनकडे बघतच राहिलो.

सोयाबीनचा भाव बघायला एखादं पान उघडा. तुम्ही एक अक्षरही टाइप करण्याआधी ब्राउझर बोलायला लागलेला असतो. पडदा केवढा, प्रणाली कोणती, भाषा कोणती, सगळं सांगतो. पानातल्या प्रोग्रामने वेळ विचारली तर आपल्याकडून एक आकडा जातो: उणे 330. जागतिक प्रमाणवेळेच्या आपण साडेपाच तास, म्हणजे 330 मिनिटं पुढे, त्याचा हा हिशेब. एवढ्या एका आकड्यावर भारत आणि श्रीलंका सोडून बाकीचं जग गळून पडतं. मग पान गुपचूप एक चित्र काढायला सांगतं. तीच अक्षरं, तेच रंग; पण यंत्रायंत्रांची चिप आणि फॉन्ट वेगळे असू शकतात, म्हणून चित्राच्या ठिपक्यांत डोळ्यांना न दिसणारा फरक पडतो. या सगळ्या खुणा मिळून होतो तो त्या यंत्राच्या बोटाचा ठसा.

2010 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने लोकांना आपापला ब्राउझर तपासून घ्यायला बोलावलं. 4,70,161 ब्राउझर जमले. त्यांतल्या 83.6 टक्क्यांचा ठसा त्या गर्दीत दुसऱ्या कुणाशीच जुळला नाही.

ठशाच्या आधीची खूण म्हणजे कुकी. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुलीने ती बनवली, आणि हेतू साधा होता. वेबसाइटला काहीच आठवत नसे. दुसरं पान उघडलं की गिऱ्हाईक नवं. म्हणून गिऱ्हाइकाच्याच खिशात एक चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वेळी तो ती दाखवील. गडबड पुढे झाली. एका पानात दहा जणांचे तुकडे येऊ लागले आणि प्रत्येक जण आपली चिठ्ठी ठेवू लागला. म्हणजे असं, की बाजारात तुम्ही दहा दुकानं फिरलात आणि प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात तोच एक माणूस वही घेऊन बसलेला. दुकानदाराला तुमची एकच खरेदी माहीत. वहीवाल्याला तुमचा सगळा दिवस माहीत. सकाळी फवाऱ्याची चौकशी केली आणि संध्याकाळी बातम्यांच्या पानावर फवारा हजर झाला, तर ती करामत या वहीची.

या वहीवाल्याला उठवणं त्या मानाने सोपं निघालं. सफारी ब्राउझरने 2020 मध्ये अशा तिऱ्हाइताच्या कुकी सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साइटला वेगळी बरणी दिली. एका बरणीतलं दुसरीला दिसत नाही. ब्रेव्ह हा ब्राउझर मागावर असलेले तुकडे पानात उतरूच देत नाही. गूगलनेही 2020 मध्ये क्रोममधून तिऱ्हाइताच्या कुकी काढायचं जाहीर केलं होतं, पण 2024 मध्ये तो बेत मागे घेतला.

चाल मात्र अशी सहज पुसता येत नाही, आणि खरी गंमत इथे आहे. लपायला म्हणून काही खास केलं, की माणूस उलट जास्त उठून दिसतो. लपायचं नसलं, तरी वेगळेपण नजरेत भरतंच. मी ब्राउझर हौसेने मराठीत ठेवला आहे. इंग्रजीत ठेवणारे कोट्यवधी, मराठीत ठेवणारे त्या मानाने मूठभर. म्हणजे मायबोलीसुद्धा माझी एक खूण झाली. यावर ब्रेव्हची तोड अशी, की तो चित्रात मुद्दाम थोडी भेसळ करतो, म्हणजे दोन साइटना एकच ठसा मिळत नाही. टॉर ब्राउझरची तऱ्हा उलटी. तो सगळ्यांना एकसारखं करतो. कोजागरीला सोलापूर-कर्नाटकातून चालत तुळजापूरला निघालेल्या गर्दीत लोहाऱ्याचा कोण, हे कुणी सांगावं?

टॉरची कुळकथा तर अजब आहे. 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ही युक्ती जन्मली. निरोपाला कांद्यासारखे पापुद्रे चढवायचे आणि तो तीन मुक्कामांतून न्यायचा. प्रत्येक मुक्कामी एक पापुद्रा सुटतो. पहिल्याला कुठून आला ते कळतं, शेवटच्याला कुठे चालला ते कळतं, दोन्ही एकालाच कळत नाही. पण हे फक्त नौदलाने वापरलं असतं, तर टॉरवर दिसेल तो माणूस नौदलाचा, हे उघडच झालं असतं. म्हणून लपायच्या सोयीसाठीच ते साऱ्या जगाला खुलं करावं लागलं. आडोसा भिंतीचा नाही, गर्दीचा.

ब्राउझर बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. जुन्या वाचनखुणाही नव्यात आणता येतात. फक्त भाबडेपणा नको. खासगी खिडकी आपल्याच फोनची आठवण पुसते, समोरच्याची नाही. एखाद्या खात्यात नावाने शिरलात, तर ब्राउझर कोणताही असो, त्या कंपनीला तुम्ही कोण ते कळणारच. आणि टॉर वाट वाकडी करून जातो, त्यामुळे पानं सावकाश उघडतात.

परवा पुतण्याच्या संगणकावर टॉर उघडला. पहिल्याच झटक्यात त्याने खिडकीचा आकार ठराविक मापात बसवला, आणि पानं इंग्रजीतूनच मागवली. गर्दीत मिसळायचं तर मराठी उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागते, हे जरा टोचलं. तरी चालवून घेतलं. मग त्याला वेळेचा तोच प्रश्न घातला. उणे 330 च्या जागी शून्य आलं. भिंतीवर रात्रीचे साडेआठ वाजले होते, आणि त्या पानाच्या लेखी लोहाऱ्यात दुपारचे 3.