टाइल्स निवडण्याआधी जोत्यातली भरणी बघा

चाळीसगाव : घर बांधलं की दुकानात नजर जाते ती आरशासारख्या चकचकीत टाइल्सवर. दिसायला भारीच, पण पावसाळ्यात चिखलाचे ओले पाय घेऊन आत आलं की त्यावरच घसरायला होतं. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशनचा खर्च फरशीच्या वर जातो. ओटा, मोरी, न्हाणीघर इथं खरबरीत टाइल्स किंवा शहाबादीच बरी.

शहाबादी आणि कोटा उन्हाळ्यात पायाला गार लागतात. मात्र दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच किंवा संडास धुवायचं अॅसिड सांडलं की डाग कायमचा.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर-डोंगरीचं पाणी चाळीसगावात घुसलं होतं. नदीकाठच्यांनी लाकडी किंवा चिकटवायची प्लास्टिकची फरशी घेऊच नये. खाली पाणी शिरलं की ती फुगते, सुटते.

खरी गोम मात्र आपल्या काळ्या मातीत आहे. कपाशीला ती सोनं, घराला वैरी. पाण्यानं फुगते, उन्हात आकसते. तीच जोत्यात भरली तर कितीही महागाची टाइल बसवा, ती उचलते, तडकते. काळी माती काढून मुरूम भरावा. तोही एकदम नाही; सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून, धुमसून. वर कोबा. इथंच घाई होते, म्हणून भरणीच्या दिवशी घरचं माणूस तिथं उभं पाहिजे.

टाइल्स बसून सुकल्या की एकेक नाण्यानं ठोकून बघा. पोकळ वाजली ती मजुरी देण्याआधीच बदलून घ्या.