टाइल नंतर, आधी भिंत!

रात्रीचे दोन. हॉलमधून 'धप्प' असा आवाज आला आणि आम्ही दोघं ताडकन उठलो. चोरबीर कोणी नव्हता. सोफ्यामागच्या भिंतीवर दोनच महिन्यांपूर्वी हौसेने लावलेली जैसलमेरची पिवळी टाइल सोफ्यावर पडली होती. नेमकी तिथे, जिथे आई रोज दुपारी आडवी होते. झोप उडाली ती उडालीच.

कोथरूडचा आमचा फ्लॅट सेकंडहँड. होम लोनचे हप्ते सुरू, त्यात 'नॅचरल स्टोन'चं खूळ माझंच. तीन शनिवार दुकानं पालथी घातली, दगडाची शेड निवडली. भिंतीकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. 'रंगावरच चिकटवू, दोन दिवसांत काम फत्ते,' असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला आणि मी खूश. एकाच सुट्टीत भागतंय ना!

दुसरे मिस्त्रीकाका आले. त्यांनी पडलेली टाइल उलटी केली. मागे ॲडेसिव्ह आणि त्यावर आमच्या भिंतीचा गुलाबी ऑइल पेंट, जसाच्या तसा!

'ताई, दगड नाही सुटला. तुमचा रंग सुटलाय.'

भिंत बोलते!

आमची टाइल फूटभर लांब-रुंद, १५ मिमी जाड. वजन साडेतीन किलोच्या आसपास. एवढा भार रंगाचा किंवा पुट्टीचा थर कसा पेलणार? काकांनी उरलेल्या टाइल्स उतरवल्या आणि हातोडीच्या दांड्याने अख्खी भिंत ठोकून पाहिली. भरीव जागी 'टक टक', पोकळ जागी 'डब डब'. पोकळ प्लास्टर पाडलं, रंग-पुट्टी खरवडून सिमेंटपर्यंत गेले, गुळगुळीत जागी छिन्नीने टाचे मारले. नवं प्लास्टर ओळंब्यात केलं, सात दिवस पाणी मारलं आणि वर तीन आठवडे सुकू दिलं. मी कॅलेंडर बघत धुसफुसत होते, काका ढिम्म.

दगड लावतानाही त्यांची शिस्त. पाठीवरची धूळ धुऊन टाकायची. फिक्या दगडाला पांढरंच ॲडेसिव्ह, नाहीतर करडे डाग पुढे उमटतात. आणि ॲडेसिव्ह पूर्ण पाठीला. 'पाच लाडू ठेवून चिकटवलं की मध्ये पोकळी राहते,' काका म्हणाले. आमच्या जुन्या टाइल्सना लाडूच होते!

बाथरूमची परीक्षा

हात पोळल्यावर बाथरूमच्या कोट्याला घाई केली नाही. फरशी बसवण्याआधी खालच्या थरातच जाळीकडे उतार काढला, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. वॉटरप्रूफिंग झालं. मग जाळी बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मी सकाळ-संध्याकाळ छत बघायला जात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाच टाकला. छत कोरडं राहिलं आणि मगच कोटा बसला. तोही पॉलिश न केलेला, पाय घसरू नये म्हणून.

खर्च? भिंतीचा जवळपास दुप्पट झाला. पहिले पैसे पाण्यात गेले. पण गेल्या पावसाळ्यात एकही टाइल हलली नाही. आई पुन्हा त्याच सोफ्यावर झोपते. फक्त आडवं होण्याआधी बोटाने भिंत ठोकून बघते!

काम सुरू करण्याआधी

- भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. २४ तासांनी आत दव दिसलं, तर आधी ओल शोधा.
- दगड आणि खालचा थर धरून जमीन किती वर येईल ते मोजा. दरवाजा अडकायला नको!
- वरच्या मजल्यावर जाड थर घालण्याआधी वजनाबद्दल इंजिनिअरला विचारा.
- सांडलेलं सिमेंट ओलं असतानाच पुसा. कोटा, जैसलमेर, संगमरवर यांना ॲसिड लावू नका; चकाकी जाते.