जामखेड परिसरातील मांसासाठीचे शेळीपालन : जिव्हाळा आणि विक्री यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय भागातील जामखेड तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. बीड व धाराशिव जिल्ह्यांना लागून असलेल्या या भागात अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना शेळीचा मोठा आधार असतो. विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या. शेळीला 'गरिबाची गाय' म्हटले जाते. परंतु गाय दुधासाठी पाळली जाते, तर बोकड मुख्यतः मांसासाठी वाढविला जातो. ज्या हातांनी करडू जगविले, त्याच हातांनी त्याचे दावे खाटकाच्या हाती द्यावे लागते. या विसंगतीचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संगोपन आणि जिव्हाळा :
या परिसराला जवळची असलेली उस्मानाबादी शेळी काटक असून तिला जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले आहे. गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो. जुळ्यांपैकी अशक्त करडाला हाताने दूध पाजावे लागते, थंडीच्या रात्री घरात घ्यावे लागते, बाभळीच्या शेंगा व बोरीचा पाला आणून घालावा लागतो. हे काम बहुधा स्त्रिया व मुले करतात. दोन-चार शेळ्यांच्या घरात प्रत्येक जनावर स्वभावाने ओळखले जाते व त्याला नाव मिळते. म्हणजेच जिव्हाळा हा संगोपनाबाहेरचा भावनिक भाग नसून संगोपनाचेच फलित होय. ज्याला करडाची सवय नाही, त्याला त्याचे आजारपण वेळीच कळत नाही.

विक्रीचा निर्णय :
करडांतील पाट वंशासाठी ठेवली जाते, बोकड विकला जातो. दवाखाना, शाळेची फी, पेरणी यांसारखी निकड ही विक्रीची वेळ ठरविते. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेल्या निर्दोष बोकडास चांगला भाव मिळतो. चांद्र गणनेमुळे हा सण दरवर्षी सुमारे १० ते ११ दिवस अलीकडे येतो. त्यामुळे वेताचे नियोजनही बदलावे लागते. दुष्काळात हा हिशेब कोलमडतो. २०१२-१३ च्या दुष्काळातील चारा छावण्या प्रामुख्याने गाई-बैलांसाठी होत्या. पाला व पाणी संपले की कमी वजनाचे बोकडही मिळेल त्या भावाने विकणे भाग पडते.
येथे एक विषमता ध्यानात घेणे आवश्यक आहे. सांभाळ घरातील स्त्री करते. सौदा मात्र अनेकदा पुरुष आणि व्यापारी यांच्यात होतो. वजनकाट्याऐवजी नजरेच्या अंदाजाने किंमत ठरल्यास नुकसान पाळणाऱ्याचे होते. अशा वेळी विरहाचे दुःख एकीच्या वाट्याला आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, अशी विभागणी होते.

समाजमान्य आधार :
बैलाविषयीच्या कृतज्ञतेला पोळ्यासारखा सण आहे; शिवाय २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायदादुरुस्तीनंतर राज्यात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. बोकडाला असे संरक्षण नाही. मात्र नवस, कंदुरी व कुर्बानी या प्रथांमधून त्याच्या मृत्यूला अर्थ दिला जातो. 'नवसाचा बोकड' म्हणून सोडलेले जनावर आरंभापासूनच वेगळे मानले जाते. पाळणाऱ्याचे मन त्यामुळे काहीसे तयार होते. राधिका गोविंदराजन यांनी 'अॅनिमल इंटिमसीज' (२०१८) या ग्रंथात कुमाऊंमधील बोकडबळीचे विवेचन करताना प्रेमाने केलेला सांभाळच बळीला अर्थ देतो, हे दाखविले आहे. स्कॉटलंडमधील पशुपालकांविषयीच्या रोडा विल्की यांच्या अभ्यासातही (२०१०) आस्था आणि अलिप्तता एकत्र नांदताना दिसतात. तथापि बाजारात विकलेल्या बोकडाच्या वाट्याला असा विधी येत नाही. तेथे 'पोटासाठी केले' एवढेच समर्थन उरते, आणि त्याला खोटे म्हणता येत नाही.

कर्तव्याची बाजू :
जिव्हाळ्याने मृत्यू टळत नाही. परंतु त्यापूर्वीचे जगणे व मृत्यूची रीत त्याने बदलू शकते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. कत्तलखान्यांविषयीच्या २००१ च्या नियमांनुसार गाभण मादी, तीन महिन्यांहून लहान पिले असलेली मादी व तीन महिन्यांहून लहान पिलू यांची कत्तल करता येत नाही. आंत्रविषार व पीपीआर या रोगांविरुद्ध लसीकरण, दाटीवाटीने वाहतूक न करणे, काट्यावर वजन करून विक्री या साध्या गोष्टींत पाळणाऱ्याची माया आणि हित एकत्र येतात.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, जिव्हाळा व विक्री यांतील ताण हा शेळीपालकाच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. शेळीपालनाच्या योजना गट, अनुदान व वजन यांचा हिशेब मांडतात. सांभाळणाऱ्या स्त्रीचा विक्रीच्या निर्णयातील व उत्पन्नातील वाटा मात्र त्यात क्वचितच येतो. तो मान्य झाला, तर रिकाम्या दाव्याचे दुःख जाणार नाही. पण बोकड कोणत्या दिवशी, कोणाला आणि कोणत्या भावाने द्यावयाचा, हे तरी तिला ठरविता येईल.